अठ्ठेचाळीस गुडघे

चाकूर, ९ मार्च २०२५

विशाखाताई, जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. व्हॉट्सॲप केलं, फेसबुक केलं, आईच्या फोनवरनं बोलाया लागलो तर आवाज वळखून कट करतीस. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटन अजून कुणी काढलं न्हाई, म्हणून हे पत्र. दहावीत पत्रलेखनाला मला पाचातले दोन पडलते, तवा चुकभूल समजून घे.

घरी सगळे बरे हायत. बाबा माझ्याशी बोलत न्हाईत. ते आधी पण लई बोलत नव्हते, त्यामुळं ते बंद झाले हे कळायलाच मला चार दिवस लागले. आई गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून राहिली. म्हणती, विशाखाची गादी तयार होईस्तवर एवढ्यावर भागवू. मी तिला समजावलं की ती गादी अजून बोकडाच्या गुडघ्यातच बसवून बघून राहिलेत, माणसाचा नंबर लई मागं हाय. ती म्हणली, मग मला बोकडांच्या लायनीत उभं करा.

हसलीस का? न्हाई हसलीस.

दुकानात तलाठ्याचा मोबाइल दुरुस्तीला आलता. त्याची रिंगटोन काढून मी बोकडाचं ओरडणं टाकलं. तहसीलच्या मीटिंगात वाजला म्हणे. मालकानं मला दोन दिवस घरी बसवलंय, तवा पत्र लिहायला फुरसतच फुरसत.

आता मुद्द्यावर येतो. आई म्हणली, पंचवीस एप्रिलला लातूरला तुझी चौकशी हाय, आन तिथं तुला नीट जवाब देता आला न्हाई तर पीएचडीतनं तुझं नाव काढणार. पाच वर्षं गेली मग. मला तर वाटतं हे लोक उगं बाऊ करून राहिलेत. गुडघ्यातली ती गादी, कूर्चा म्हणतीस ती, तू काचेच्या भांड्यात वाढवलीस. बोकडाच्या गुडघ्याला भोक पाडून त्यात ती बसवलीस. मोठ्या मशीनमधी त्याचे आतले फोटो काढलेस, त्या फोटोवरनं कंप्युटरमधी तसाच गुडघा उभा केलास आन किती वजनाला तो टिकंल ते काढलंस. एवढं सगळं तू केलंस. माझं काम काय होतं? दर रविवारी इथं खाजाभाईच्या दुकानात जायचं, बोकड कापायच्या आधी त्याचे दात बघायचे, दातावरनं वय चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी गुडघ्याला बांधायची, डबा बर्फात घालून लातूरच्या यष्टीत कंडक्टरपाशी द्यायचा. एवढ्याशा कामावर सगळं अडलंय म्हणतेत.

तुझ्या लॅबमधल्या त्या प्रीतमला फोटोत कसलीतरी रेघ दिसली म्हणून हे सुरू झालं. रेघेचं काय सांगतीस ताई. आमच्याकडं रोज लोक येतेत, स्क्रीनवर रेघ आली, मोबाइल गेला म्हणून रडतेत, आन बघावं तर वरची काच तडकलेली असती. मशीनची पण चूक होऊ शकती. त्या पोराला विचार म्हणावं, मशीन पुसली होती का.

शेवटच्या फोनवर तू विचारलंस, "सुगत, दात तूच बघितलेस ना?" मी आईची शप्पथ घेतली. तू म्हणलीस, "खरं बोलणार नसशील तर मला फोन करू नको." आता शप्पथेच्या वर माणसानं काय द्यावं?

बघितलेत म्हणजे बघितलेत.

ब्लॉक काढ.

सुगत


चाकूर, २३ मार्च

ताई, जय भीम.

तुझा जवाब आला न्हाई. पण पत्र पोचलं हे तनुजाताईनं आईला सांगितलं. असं पण सांगितलं की तू नांदेडला तिच्या खोलीवर राहून अकरावीच्या पोरांची शिकवणी घेतीस आन खोलीत बसली की भिंतीकडं तोंड करून बसतीस. हे दुसरं आईनं मला सांगायला नको होतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. लहान हाय. एका रविवारी मला उठायला उशीर झालता. एकाच.

लई थंडी होती. खाजाभाई पाचला कापायला घेतेत, आन मुंडी सगळ्यात आधी जाती. तिचं गिऱ्हाईक ठरलेलं, सहाच्या आत पिशवी घेऊन दारात उभं. मी पोचलो साडेआठला. गुडघे तुझ्यासाठी बाजूला ठेवलते, पण मुंड्या कुठं? खाजाभाई सुरी पुसत म्हणले, "मुंडियां तो कब के गये. अब किसके दांतां देखता, मेरे?"

दोन बोकडं होती. मी अंदाजानं वय लिहिलं.

आन खरं सांगू, नुसत्या अंदाजानं पण न्हाई. आदल्या आठवड्यात तू फोनवर कुरकुर करून राहिली होतीस. सगळी बोकडं दोन दातीच येऊन राहिलीत, दीडेक वर्षाची. खाटकाकडं कोवळंच येणार म्हणा. तुला सगळ्या वयाची सारखी पाहिजे होती, म्हातारी पण. म्हणून मी एकाला आठ दाती करून टाकलं. चिठ्ठीवर लिहिलं, "सरपंचीणबाई, वय चार, आठ दाती, सुनेवर नाराज." त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. हसून हसून तुला ठसका लागलता. म्हणलीस, भांड्यातल्या पेशी मरून राहिल्यात, गाइड विरूपाक्ष सर दोन शब्द धड बोलत न्हाईत, आठ दिवसांत आज पयल्यांदा हसले रे.

तर हे एवढंच. अठ्ठेचाळीसात दोन गुडघे. एवढं तर तो कंप्युटर सांभाळून घेत असंल.

एक विचारू का? समजा दोनापेक्षा जास्त असते, तर काय झालं असतं? नुसतं विचारून राहिलो.

सुगत


चाकूर, १५ एप्रिल

ताई,

काल जयंती झाली. तू आली न्हाईस. आई पांढरी साडी नेसून विहारापासनं चौकापर्यंत चालत गेली, दर दहा पावलांवर कुणाच्या तरी ओट्याला हात लावून. बायकांनी विचारलं, आमची डॉक्टरीण कुठंय? पीएचडी व्हायच्या आधीच तुला डॉक्टरीण करून ठेवलंय सगळ्यांनी. आई म्हणली, तिला ताप आलाय. आपल्या आईला खोटं बोलता येत न्हाई, पदर तोंडाला लावून बोलली. मी तिथंच ढोलाजवळ उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

आज सकाळी खाजाभाईकडं गेलो. त्यांनी मला आत बोलावलं. म्हणले, लातूरचे विरूपाक्ष सर स्वतः येऊन गेले मागच्या आठवड्यात. पोरगं दर रविवारी येतं का, कापायच्या आधी येतं का, दात बघतं का, सगळं विचारलं. खाजाभाईंनी सांगितलं की हाव, येतो, बघतो. मग मला म्हणले, "रमजान खतम होके पंद्रह दिन नई हुए थे, और तेरे वास्ते मैं झूट बोल्या."

मी म्हणलं, मी कुठं सांगितलतं बोलायला. ते म्हणले, "तेरे लिए नई, तेरी बहन के लिए बोल्या. दो बार आयी थी इधर. सलाम करके बात करती."

ताई, त्यांना वाटलं त्यांच्या खोट्यानं तू वाचशील. त्यांच्या खोट्यानं तर सगळं तुझ्यावरच येतंय. पोरानं दात नीट बघितले, वय नीट लिहिलं, मग घोळ कुणी केला? विशाखानं. तिनंच आकडे बदलले, म्हणजे निकाल चांगला दिसावा.

म्हणून आता सगळं लिहितो.

सुरुवातीचे रविवार मी खरंच गेलो. पाचच्या आधी, कानाला मफलर बांधून. खाजाभाईंनी शिकवलं, खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा आन मोबाइलची बॅटरी मारायची. वरच्या जबड्यात पुढं दातच नव्हते. पयल्या दिवशी मी घाबरलो, म्हणलं ह्याला आणणाऱ्यानं मारलंय. सगळी दुकानात हसली. मग मोठे दात मोजायचे. दोन, चार, सहा, आठ. मला ते काम आवडलं होतं ताई. शाळेत मला मोजायला दिलेलं कवाच बरोबर आलं न्हाई, हे येत होतं.

मग तो थंडीचा रविवार. कुणाला कळलं न्हाई. पुढच्या रविवारी म्हणलं, कालच तर मॅच झाली, पाय दुखतेत, बघू कळतंय का. न्हाई कळलं. तिसऱ्या रविवारी मला त्याची मजा वाटाया लागली. खाजाभाईच्या समोर चहाचं हॉटेल हाय ना, तिथं बाकड्यावर बसून मी चिठ्ठ्या लिहायचो. तुला कोणतं वय कमी पडून राहिलंय ते आदल्या फोनवर मला कळलेलं असायचं. तुला सहा दाती पाहिजे, घे सहा दाती. वर एक नाव, एक गंमत. आन संध्याकाळी तू हसायचीस. असं चार महिने चाललं.

मला वाटायचं, गुडघा तर गुडघाच हाय. त्याच्या वयानं काय होतंय.

मग तुझ्या कंप्युटरनं शोध लावला. वय वाढलं तरी बोकडाची गादी तेवढीच मजबूत राहती, आन तू वाढवलेली गादी म्हाताऱ्या गुडघ्यात पण कोवळ्यासारखीच धरती. असं कुणालाच आधी दिसलं नव्हतं. तू पुण्याला जाऊन भाषण केलंस, लोक उठून टाळ्या वाजवत होते. घरी आलीस पेढे घेऊन. आईच्या पायापाशी बसून म्हणलीस, "आई, वय झालं तरी गुडघ्याला आशा हाय. मी आकड्यात बघितलं."

मी तिथंच होतो. मी दोन पेढे खाल्ले.

म्हातारं बोकड त्यात नव्हतंच. सगळी दीड दोन वर्षांची पोरं होती, मीच त्यांना म्हातारं केलतं. तवा बोललो असतो तर एक भाषण खोटं ठरलं असतं, बस. आईचा चेहरा बघून मी बोललो न्हाई. आन खरं म्हणजे आईचा चेहरा बघून न्हाई, तुझा बघून.

प्रीतमची रेघ काय असती ते मी आता मोबाइलवर वाचलं. तू नुसती गादी बघत होतीस, त्यानं अख्ख्या हाडाचे फोटो बघितले. कोवळ्या जनावराच्या हाडाच्या टोकाला वाढीची रेघ उघडी असती, वाढ संपली की मिटती. मी चार वर्षांची म्हणून लिहिलेली, त्यांची पण रेघ उघडी. मशीन चुकली नव्हती. ती एकटीच खरं बोलून राहिली होती.

आईनं मला अजून एक सांगितलं. पयल्या मीटिंगात सरांनी विचारलं, ह्या वयांची खात्री काय? तू म्हणलीस, "माझा भाऊ मस्करीखोर हाय, पण माझ्या कामात खोटं करणार न्हाई." हे तू मला फोन करायच्या आधी म्हणलीस. म्हणजे मला विचारायच्या आधीच तू माझी जिम्मेदारी घेऊन आलतीस. आन मग मी आईची शप्पथ घेतली.

पंचवीसला मी लातूरला यायला पाहिजे, हे मला कळतंय. इथं लिहिणं सोपं हाय, समोर फक्त कागद हाय. तिथं तू असशील.

सुगत


लातूर, बस स्टँड, २५ एप्रिल, दुपार

ताई,

तुझी नांदेडची गाडी आत्ताच गेली. तू खिडकीकडं बसली होतीस, मी रसवंतीच्या मागं उभा होतो. समोर यायची हिंमत झाली न्हाई. हे पत्र तुझ्या मागच्या गाडीनं येईल समज.

आत मला बोलावलं तवा तू उठून बाहेर गेलीस, म्हणून काय काय झालं ते सांगतो. टेबलापलीकडं पाच जण होते. मी एका दमात सगळं सांगितलं. मुंड्या, चहाचं हॉटेल, आकडे, शप्पथ. खाजाभाईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं हे पण. चष्मेवाल्या मॅडमला चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सवरची नावं वाचून मधीच हसू आलं, मग त्यांनाच कसंतरी वाटलं आन त्यांनी ते कागद उलटे करून ठेवले. मला पयल्यांदा माझ्या गमतीवर कुणी हसलेलं आवडलं न्हाई.

विरूपाक्ष सर ओरडतील म्हणून मी तयार होऊन आलतो. ते ओरडले न्हाईत. म्हणले, "कंप्युटरला खरं खोटं कळत नाही रे बाळा. तू जे देशील ते तो खरं धरून पुढं जातो. पुढं हे माणसाच्या गुडघ्यात गेलं असतं." त्यांनी कागद दिला, सगळं लिहून सही कर म्हणले. मी साडेतीन पानं लिहिली. 

मग त्यांनी जे ठरवलं ते तुला कळवलंच असंल. तू आकडे बदलले न्हाईस हे मान्य झालं. तुझं नाव राहिलं. पण पुण्यात वाचलेला तो निबंध मागं घ्यायचा, सगळं पयल्यापासनं करायचं. आन एकदा तरी स्वतः जाऊन वयं तपासायला पाहिजे होती, असा शेरा तुझ्या कागदावर राहणार. भावावर भरोसा ठेवला म्हणून शेरा.

मी सरांना म्हणलं, मी जातो परत. दर रविवारी चारलाच जाऊन बसतो, फोटो काढतो, व्हिडिओ काढतो दाताचा. ते म्हणले, "तू आता त्या दुकानाच्या आसपास फिरकायचं नाहीस." अगदी सावकाश म्हणले, घरात लहान लेकरू असलं की माणूस औषधाची बाटली वरच्या फळीवर ठेवतं तसं. प्रीतम जाणार हाय म्हणे. त्याला शेळीचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत हाय का विचारणार होतो. न्हाई विचारलं.

मी बाहेर आलो तर तू व्हरांड्यात उभी, हातात ते जाड रजिस्टर, त्यात माझ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दोन महिन्यांनी तू माझ्याशी बोललीस.

"सुरुवातीची खरी होती, असं लिहिलंस तू. किती?"

म्हणजे पत्रं वाचलीस तू.

मी म्हणलं, दहाबारा असतील. चौदा पण असतील. कवा दोन असायची, कवा तीन.

"अंदाज नको. नंबर सांग. त्यांचे फोटो हायत माझ्याकडं, ताण देऊन बघितलेले आकडे हायत. चौदा जरी खरी निघाली तरी माझं एक वर्ष वाचतं, सुगत."

तू रजिस्टर कठड्यावर ठेवलंस, पेन उघडलंस. मी पयलं पान बघितलं, दुसरं बघितलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच अक्षर, एकच निळा पेन. पाच नंबरला लिहिलतं, एक दात तुटका. हे खरं असंल असं वाटलं. मग वाटलं, तुटक्या दाताचं पण मीच रचलं असंल, खरं वाटावं म्हणून. तारखा बघितल्या. थंडी कवा सुरू झाली, मॅच कवा होती, काहीच पक्कं लागेना. तू पेन धरून उभी होतीस. तुझे डोळे आत गेलेत, ताई.

मला चौदा म्हणता आलं असतं. तुला चौदाच पाहिजे होते. तू खुणा करत गेली असतीस, आन कदाचित घरी पण आली असतीस. आठवड्यामागून आठवडे मी हेच तर केलतं, तुला लागंल ते लिहून दिलतं.

"ताई, मला सांगता येत न्हाई."

"एकही न्हाई?"

"एकही न्हाई."

तू पेनाला टोपण लावलंस. रजिस्टर मिटलंस. "मग ती पण गेली," म्हणलीस, आन पायऱ्या उतरलीस.

चाकूरची गाडी लागलीय, कंडक्टर ओरडून राहिला. हे पत्र इथल्याच पेटीत टाकतो, न्हाईतर घरी नेऊन फाडीन.

रागावलीस ते बरोबर हाय. माझं काही म्हणणं न्हाई. फक्त त्या पयल्या पहाटा माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाईत. हातात धरलेलं ते गरम तोंड, बॅटरीच्या उजेडात दिसणारे दात, आन मी मोठ्यानं मोजून राहिलो, चुकू नये म्हणून दोनदा. त्यांना आता कुणी खरं मानणार न्हाई, तू पण न्हाई, आन बरोबर हाय तुझं.

पण मी गेलतो, ताई. तेवढे रविवार मी खरंच गेलतो.

सुगत